साडूच्या खुर्चीत

त्या वर्षी ज्याने तात्याचं डोकं मागून पाहिलं, तो तात्याच्या दुकानात केस कापायला जरा विचार करूनच शिरला. समोरून माणूस झकास. भांग सरळ, कल्ले एका रेषेत, गाल असा तुळतुळीत की माशी बसली तर घसरावी. पण पाठ फिरवली की मानेवर जिना. एक पायरी डावीकडून वर चढायची, दुसरी उजवीकडून खाली उतरायची, आणि मधे एक झुपका कुणीतरी न्यायचा विसरल्यासारखा उभा. न्हाव्याचं डोकं म्हणजे त्याच्या दुकानाची पाटी, आणि तात्याची पाटी मागच्या अंगाने खरवडलेली.

रस्त्याच्या पलीकडे, बरोब्बर समोर, दुसरं केशकर्तनालय होतं. त्याच्या मालकाच्या मानेचीही तीच गत. फक्त त्याचा जिना उलट्या बाजूने चढायचा, कारण तो डावखुरा. हा मालक म्हणजे तात्याचा साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी.

आता कात्री हातात धरून संसार केलेल्या दोन माणसांची डोकी अशी का, तर त्याचं असं आहे. न्हाव्याला स्वतःची दाढी करता येते, आरसा समोर असतो. मानेवरचे केस मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात द्यावे लागतात. तात्याने ते बरीच वर्षं साडूच्या ताब्यात दिले होते आणि साडूने तात्याच्या. मग दोघांचं फाटलं. तिसऱ्या न्हाव्याकडे जायचं म्हणजे सगळ्या पेठेला आपल्या घरातली भांडी वाजवून दाखवायची. म्हणून दोघांनी आपापल्या दुकानात पुढे एक आरसा, मागे एक आरसा, असा उद्योग सुरू केला. आरशात उजवं ते डावं दिसतं हे न्हाव्याच्या हाताला पाठ असतं. पण दुसऱ्या आरशाने ते परत उजवं केलं की हाताचं डोकं फिरतं. वर जायची कात्री खाली येते. त्यातून तो जिना.

साडू लग्न करून या घराण्यात आला तेव्हा त्याला न्हावीकाम म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तो काचेच्या कारखान्यात होता. कारखान्याला टाळं लागलं, मेहुणी डोळे पुसत ताईकडे आली, ताईने तात्याकडे नुसतं पाहिलं, आणि दुसऱ्या सकाळी साडू तात्याच्या दुकानात ॲप्रन लावून उभा होता.

तात्याची शिकवायची पद्धत जुनी. फुगा फुगवायचा, त्याला साबणाचा फेस थापायचा आणि वस्तऱ्याने तो फेस काढायचा. फुगा फुटता कामा नये. सुरुवातीचे दिवस दुकानातून असा फटफटाट चालायचा की शेजारचा वखारवाला लाकडं मोजायची सोडून दारात यायचा आणि विचारायचा, "तात्या, आज कुणाला उडवलं?"

ज्या दिवशी फुगा टिकला, त्या दिवशी तात्या स्वतः खुर्चीत बसला आणि त्याने गाल पुढे केला.

"फुगे संपले," तो म्हणाला. "आता हा घे."

साडूने आयुष्यातली पहिली दाढी केली ती तात्याची. हनुवटीखाली जरा ओरखडा निघाला. तात्याने तुरटी फिरवली आणि म्हणाला, "फुग्याला रक्त नसतं, एवढाच फरक."

पुढे दुकानात दोन खुर्च्या झाल्या. आठवड्याच्या सुट्टीला शटर अर्धं खाली ओढून दोघं एकमेकांचे केस कापायचे. साडूचा हात मऊ निघाला होता. मानेवर वस्तरा चालू असताना तात्याला डुलकी लागायची, तोंड उघडं पडायचं, आणि साडू कापलेले केस त्याच्या तोंडात जाऊ नयेत म्हणून एक हात खाली धरायचा. ज्या माणसाच्या हातात वस्तरा आहे त्याच्यासमोर झोप लागणं यापेक्षा जास्त भरवसा तो काय असतो?

मग तात्याला तापाने धरलं. चांगलं लांबलं ते दुखणं. अंथरुणातून उठून तो दुकानात आला तेव्हा बाकावरची माणसं "कसा आहेस" म्हणायची, पण बघायची त्याच्या हातांकडे. वखारवाल्याला मिसरूड फुटल्यापासून तात्याच्या वस्तऱ्याची सवय. तोसुद्धा "आज तिकडेच बसतो, तुला त्रास नको" म्हणत साडूच्या खुर्चीत जाऊन बसला. तात्याला काही उमजेना. शेवटी वखारवाल्याच्याच पोटात ते राहिलं नाही. त्याच्या पोटात इतकी जागा असून काहीच राहत नाही.

"अरे, तुझा साडूच म्हणाला," त्याने गल्लीच्या तोंडाशी तात्याला गाठून सांगितलं. "तात्याचा हात तापात गेला, आता थरथरतो, वस्तऱ्याचं काम जरा जपून द्या म्हणाला."

न्हाव्याला काहीही म्हणा. चहाडखोर म्हणा, आगाऊ म्हणा, तो हसेल आणि तुमच्या कानात फेस घालील. पण हात थरथरतो म्हटलं की संपलं. कोण गळा पुढे करील?

तात्याने साडूला विचारलं. साडू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाला, "मी आपलं काळजीपोटी बोललो असेन." तात्याने त्याच्या कात्र्या, कंगवे, वस्तरा, सगळं त्याच्याच ॲप्रनमध्ये बांधलं आणि गाठोडं पायरीवर ठेवलं. महिना उलटायच्या आत साडूचं दुकान समोर उघडलं.

तात्याचा हात थरथरत नव्हता. तापात नव्हता थरथरला आणि नंतरही नाही. पण हे लोकांना सांगायचं कसं? सांगितलं तर संशय वाढतो. मग तात्याने एक युक्ती काढली. गिऱ्हाईक आलं की चहा मागवायचा, कप काठोकाठ भरायचा, बशी न घेता तो नुसता दोन बोटांत धरायचा आणि गप्पा मारत दारात उभं राहायचं. थेंब सांडायचा नाही. बोटं भाजायची, पण चेहरा हसरा. गिऱ्हाइकं बसायची, नाही असं नाही. तरी बसण्याआधी एकदा कपाकडे बघायची, आणि तात्याचा तेवढ्यानेच संताप व्हायचा.

"तुमच्या मागून चालायची लाज वाटते," बायको म्हणायची. "म्हणून हल्ली मी पुढे चालते."

"मग चाल."

"आणि धाकटी म्हणते, तिच्याही घरात तीच बोंब. दोघं मिळून एक शहाणं डोकं होईना."

बहिणींचं काही तुटलं नव्हतं. भाजीची वाटी रस्ता ओलांडून जायची, उलटी भरून यायची. तात्या समोरून आलेली भाजी खायचा, पण मीठ कमी आहे असं म्हणून खायचा.

असे बरेच महिने गेले. मग एके दुपारी, गिऱ्हाईक नसताना, साडू रस्ता ओलांडून आला आणि तात्याच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"तात्या, माझ्याकडून काही चुकलं असेल तर..."

"असेल तर?" तात्या कात्रीला तेल देत होता. मान वर न करता म्हणाला, "चुकलं नसेल तर घरी जा."

साडू घरी गेला. पण चार-दोन दिवसांनी परत आला, आणि या वेळी उंबऱ्याच्या आत आला.

"चुकलं," तो म्हणाला. "तुम्ही आजारी होता. बाकावर माणसं बसायची, मला विचारायची, तात्या कधी येणार? माझी खुर्ची रिकामी, मी टॉवेल झटकत उभा, आणि ती पेपर वाचत बसायची. केस वाढले तरी चालतील, पण तात्याच पाहिजे. एक दिवस तोंडातून निघून गेलं की तात्याचा हात आता पूर्वीसारखा नाही. तर वखारवाला उठून माझ्या खुर्चीत बसला."

"आणि?"

"आणि मग दुसऱ्या दिवशी मी परत म्हणालो."

तात्याने तेलाची कुपी खाली ठेवली. इतकं खरं ऐकायची त्याची तयारी नव्हती. खोटं सांगितलं असतं तर हाकलता आलं असतं.

"आज काय सुचलं हे?"

"रोज समोरून बघतो," साडू म्हणाला. "तुम्ही तो भरलेला कप घेऊन दारात उभे राहता. बोटं लाल होतात तुमची. मला ते बघवत नाही."

तात्याने कात्री दोनदा उघडमीट करून पाहिली. मग म्हणाला, "मला सांगून काय उपयोग. माझा हात कसा आहे ते मला ठाऊक आहे. ज्याला सांगितलंस त्याला सांग."

साडू तडक वखारीत गेला. लाकडं भरायला आलेल्या गाडीवाल्यासमोर, वखारवाल्यासमोर, उभ्याउभ्या म्हणाला, "तात्याच्या हाताचं मी खोटं बोललो होतो. त्यांचा हात थरथरत नाही."

वखारवाल्याने स्वतःच्या गालावरून हात फिरवला.

"म्हणजे इतके महिने मी डावखुऱ्याकडून दाढी करून घेतोय ती उगाच? आरशात बघितलं की वाटतं, थोबाड कुणीतरी उलटं बसवलंय."

संध्याकाळपर्यंत सगळ्या पेठेला कळलं. ते काम वखारवाल्यावर सोपवलं की बघावं लागत नाही. मग चार माणसं तात्याच्या दुकानात जमली, मेहुणी आली, बायकोने दुकानावरच्या घरातून चहा पाठवला आणि मागोमाग स्वतःही आली. साडू कोपऱ्यात उभा. सगळे तात्याकडे बघायला लागले. तात्याने घसा साफ केला.

"जा. केलं माफ," तो म्हणाला.

मेहुणीने पदराने डोळे टिपले. वखारवाल्याने दुसरा कप मागितला. झालं, मिटलं, असं म्हणत माणसं पांगली, आणि तात्यालाही वाटलं की मिटलं. छाती कशी हलकी झाली होती.

दुसऱ्या सकाळी तो एका गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावत होता आणि सहज त्याची नजर समोर गेली. पलीकडे साडू कुणाला तरी टॉवेल बांधत होता आणि हसत होता. काही विशेष नव्हतं त्यात. माणूस हसतो. पण तात्याचं डोकं तापलं. मी बोटं भाजून घेतली आणि हा हसतोय. एका दिवसात विसरला. ब्रश असा काही फिरायला लागला की फेस गिऱ्हाइकाच्या नाकपुड्यांत गेला आणि ते बिचारं फुरफुरत उठून बसलं.

दुपारी तात्या जेवायला वर गेला तर जेवणावर लक्ष नाही. बायको तांदूळ निवडत बसली होती.

"अगं, काल मी त्याला माफ केलं ना?"

"केलंत की. सगळ्यांना चहा मीच पुरवला."

"मग आज सकाळी हा राग परत कुठून आला? मनापासून म्हणालो होतो. खोटं नव्हतं ते."

बायकोने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "काल दाढी केली होतीत?"

"केली होती. रोज करतो."

"मग हे काय आहे?"

तात्याने हनुवटीवर हात फिरवला. सकाळच्या गडबडीत दाढी राहिली होती. खुंट हाताला लागत होते.

"इतकी वर्षं बघते," बायको सुपातला खडा उचलत म्हणाली, "काल केली होती तर आज परत कशी आली म्हणून कधी तक्रार केली नाहीत. न कुरकुरता पाणी तापवता आणि बसता."

"म्हणजे रोज माफ करायचं?"

"मला काय विचारता? दाढी मला येत नाही."

तात्याने ते हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या सकाळी गालाला फेस लावताना त्याला ते आठवलं, आणि आरशातल्या स्वतःला तो पुटपुटला, "केलं रे माफ." दुपारपर्यंत टिकलं. त्यानंतरच्या दिवशी संध्याकाळपर्यंत. एक दिवस म्हणायचं राहून गेलं तर मन असं खरखरीत झालं की एका गिऱ्हाइकाला "डोकं आहे की फणस" म्हणून गेला. गिऱ्हाईक जुनं होतं, म्हणून निभावलं.

पण म्हणून म्हणून किती म्हणायचं? तात्याला कळत होतं की हे आरशासमोरचं आहे. खरं की खोटं ते एकाच ठिकाणी ठरणार, आणि ते ठिकाण रस्त्याच्या पलीकडे होतं. मानेवरचा जिना दिवसेंदिवस उंच होत होता.

एक दिवस दुपारी त्याने दुकानाला कडी लावली, ॲप्रन काढून खुंटीला अडकवला आणि रस्ता ओलांडला. पेठेतली हालचाल थांबली. पानवाल्याचा हात चुन्यातच राहिला. वखारवाल्याने गाडीवाल्याला अर्ध्या वाक्यात सोडलं आणि तो तात्याच्या मागोमाग साडूच्या दुकानात शिरून बाकावर बसला.

"तुझं काय काम?" तात्याने विचारलं.

"काही नाही. नंबर लावलाय."

"दाढी सकाळीच केली मी तुझी."

"मग बघायला आलोय. नाही म्हणतोस?"

साडूने खुर्ची पुसली, परत पुसली, तिसऱ्यांदा पुसायला गेला तेव्हा तात्या बसलाच. साडूने चादर बांधली.

"कसे कापू?"

"जसे कापत होतास तसे."

कात्री सुरू झाली. साडूने जिना उतरवायला घेतला. पायऱ्या एकेक करून जमिनीवर पडल्या. काम तर चाललं होतं, पण कसं? तात्याची मान खुंट्यासारखी उभी. आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांना सांगितलं, त्यालाच आता ऐकावं लागलं.

"तात्या, मान सैल सोडा."

"सैलच आहे."

"लाकूड झालंय नुसतं."

"लाकूड असलं तर माझ्याकडे पाठव," बाकावरून आवाज आला.

मग मानेवरची रेघ काढायची वेळ आली. साडूने फेस लावला आणि वस्तरा उघडला. तात्याने समोर आरशात बघितलं. साडूचा डावा हात थरथरत होता.

भीतीनेच. दुसरं काय असणार? ज्याचा गळा आपण कापला होता, त्याचाच गळा पुढ्यात. साडूने उजव्या हाताने डावं मनगट धरलं, दम घेतला, पातं टेकवलं. पातं टेकलं आणि सरकलं. मानेवर चुटकन लागलं. फेसात लाल ठिपका उतरला.

वखारवाला पुढे झुकला. बाक करकरलं.

"काय रे," तो साडूला म्हणाला, "हात थरथरतो की काय तुझा?"

साडूचा चेहरा फेसाइतका पांढरा पडला. तात्याला आरशात तिघंही दिसत होते, स्वतःचं तोंड धरून. आणि त्या तोंडात शब्द तयार होता. किती दिवस तयार होता तो. नुसतं "हो" म्हणायचं. एक अक्षर. बाकीचं काम वखारवाला करणार होता, आणि ते खोटंही नसतं. साडूने खोटं सांगून केलं ते तात्याला खरं सांगून करता आलं असतं. याहून गोड संधी माणसाला दुसऱ्यांदा मिळत नाही, हे तात्याला चांगलं कळत होतं. म्हणूनच त्याला घाम फुटला.

"मी हललो," तात्या म्हणाला. "डास चावला."

"भर दुपारी?"

"तुझ्या वखारीतले आहेत. त्यांना दिवसरात्र कळत नाही. गप बस जरा."

वखारवाला मागे रेलला. त्याचं समाधान झालं नव्हतं, पण डासांचा विषय त्याच्या अंगावर आला होता आणि त्याला त्यातून बाहेर पडायचं होतं.

साडू तसाच उभा. वस्तरा हवेत. त्याच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलेलं तात्याने पाहिलं आणि त्याला धास्तीच वाटली. पाणी डोळ्यांत आणि पातं मानेवर, हे काही खरं नाही. त्याने हनुवटी छातीला टेकवली, मान पुढे सोडून दिली, आणि फक्त साडूला ऐकू जाईल असं पुटपुटला,

"फुगा समज."

साडूला हसू फुटलं. हसला आणि हात थांबला. मग पातं एका दमात उजव्या कानापासून डाव्या कानापर्यंत गेलं, पूर्वी जायचं तसं. तुरटी फिरली. ओला टॉवेल फिरला. साडूने मागे आरसा धरला आणि तात्याने किती दिवसांनी स्वतःची मान बघितली. सपाट, स्वच्छ, एका कोपऱ्यात लाल टिकली. डुलकी काही लागली नव्हती. तेवढं अजून बाकी होतं.

"आता तू," तात्या उठून म्हणाला. "सुट्टीच्या दिवशी ये तिकडे. तुझं डोकं बघून माझी गिऱ्हाइकं विचारतात, हा तुझाच चेला ना."

घरी बायकोने मान बघितली. मग लाल टिकली बघितली.

"हे काय?"

"मीच हललो."

"तुम्ही?" ती म्हणाली. "खुर्चीत बसलात की घोरणारी माणसं तुम्ही." पण पुढे काही विचारलं नाही. संध्याकाळी समोरून भाजीची वाटी आली. तात्या दोन घास जेवला आणि तिसऱ्याला म्हणाला की मीठ बरोबर आहे.

चहाचा कप त्या दिवसापासून दोन बोटं कमी भरायला लागला. लोकांच्या ते ध्यानात आलं नाही. बशी परत आली, एवढंच काहींना दिसलं.

सुट्टीच्या दिवशी साडू तात्याच्या खुर्चीत बसला तेव्हा तात्याने त्याचा जिना नीट उतरवला, पण मधला झुपका मुद्दाम तसाच ठेवला आणि आरसा मागे धरला नाही. साडू पेठेतून दिमाखात चालत गेला. घरी गेल्यावर मेहुणीने झुपका धरून ओढला तेव्हा कुठे त्याला कळलं. तो धावत परत आला.

"दाजींना सांग म्हणाली ती, हे बरं नाही."

"बस," तात्या म्हणाला. "आता काढतो. तेवढी एक शिल्लक होती माझी."

दुसऱ्या सकाळी तात्या उठला, त्याने हनुवटीवरून हात फिरवला. खुंट होतेच. मनातही कुठेतरी बारीक खरखर होती, पूर्वीइतकी नाही, पण होती. खिडकीतून दिसत होतं, समोर साडू शटर वर करत होता आणि कुणाशी तरी हसत होता.

तात्याने पाणी तापायला ठेवलं.